'पुढे सरका' : हेवी मेटलमधला एक हौशी बँड

१/ २०१० साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश नियतकालिकाच्या 'गोल्डन गॉड्स' सोहळ्यात 'ग्लोबल मेटल' हा सन्मान मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडला मिळाला. बँडचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक साहिल मखिजा. याच कलावंताच्या दुसऱ्या एका बँडच्या गाण्याचे नाव मात्र होते, 'पुढे सरका'! 🧵

२/ डेमॉनिक रिझरेक्शन २००० साली स्थापन झाला. खर्जातला गुरगुरता स्वर, वेगवान ढोल, काळोखी वातावरण. २०१७ च्या 'दशावतार' या अल्बममध्ये विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक गीत आहे. सारा मामला गंभीर.

३/ दुसरा बँड 'वर्कशॉप'. अल्बमचे नाव 'खूनी मुर्गा'. येथे गिटार मेटलचीच, विषय मात्र थट्टेचे. 'पुढे सरका' हे शब्द मुंबईच्या बेस्टपासून कोल्हापूरच्या केएमटीपर्यंत प्रत्येक प्रवाशाच्या कानांवर आदळलेले. मेटलने धारण केलेले रौद्र सोंग येथे मित्रांच्या संगतीत उतरवले गेले.

४/ अशी परंपरा परदेशातही आहे. 'मोटरहेड'चा लेमी याने दोन मित्रांसह 'हेड कॅट' हा बँड काढला. एल्विस प्रेस्लीला वाहिलेल्या अल्बमचे काम आटोपल्यावर तिघे स्टुडिओतच रेंगाळले, तोंडपाठ असलेली जुनी गाणी वाजवत बसले आणि त्यातून बँड जन्मला.

५/ लेमीसाठी हा विरंगुळा होता. भारतात मात्र त्यामागे गरजही होती. मुंबईतील रॉकचे माहेरघर असलेले खुले नाट्यगृह 'रंगभवन' शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे या संगीताला बंद झाले. मंच थोडे, पैसा त्याहून थोडा, वादक मोजके.

६/ म्हणून एकाच माणसाला अनेक भूमिका कराव्या लागल्या. मखिजा 'रेप्टिलियन डेथ' या आणखी एका बँडमध्ये ड्रम वाजवत. 'डिमनस्टीलर रेकॉर्ड्स' ही त्यांचीच संस्था, तिने इतरांचे अल्बमही प्रकाशित केले. दुरून जो मोठा समुदाय भासे, तो बऱ्याच अंशी त्याच त्या माणसांनी उभा केलेला होता.

७/ कोल्हापूरच्या इतिहासात हे चित्र पूर्वीच दिसते. १९२९ मध्ये येथे 'प्रभात' स्थापन झाली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची आणि संगीतही त्यांचेच. मुळात ते हार्मोनियमवादक. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांनीच बांधल्या होत्या.

८/ पार्श्वगायन रुळण्यापूर्वीचा तो काळ. नटाला स्वतः गावे लागे, त्यामुळे गाणारा, चाल बांधणारा आणि रंगमंच जाणणारा माणूस दुर्मीळ ठरे. क्षेत्र नवे असते तेव्हा कामांची वाटणी झालेली नसते. कलावंताची 'जोडकामे' हाच त्या क्षेत्राचा पाया असतो.

९/ तरीही इतिहास लिहिताना मुख्य बँड, मुख्य पुरस्कार, मुख्य अल्बम एवढेच नोंदले जाते. हौशी बँड विस्मरणात जातो आणि त्याबरोबर ते क्षेत्र कोणी, कसे तगवले याचा पुरावाही जातो.

१०/ टेंब्यांनी 'माझा संगीत व्यासंग' लिहून ठेवला, म्हणून त्या काळच्या संगीतविश्वात आज डोकावता येते. मेटलच्या पिढीची दप्तरे म्हणजे पोस्टर, तिकिटे, सीडींची वेष्टने आणि तालमीची ध्वनिमुद्रणे. आपल्या गावातील एखाद्या बँडची अशी खोकी माळ्यावर असतील, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांवर तारखा आणि वादकांची नावे लिहून ठेवा. उद्याच्या इतिहासकाराचे साधन तेच आहे.