पिल्लं कुणाच्या खडकावर जातात?



महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. डोह वरदायिनी देवीचा, म्हणून त्यातला मासा कुणी धरत नाही. खायला टाकलं की मोठमोठे मासे अगदी काठाशी येतात. असे देवाचे डोह आणि देवराया आपल्या आज्या-पणज्यांनी राखल्या. दूर प्रशांत महासागरातल्या पालाऊ बेटांवरही अशीच रीत होती. गावातले मुख्य लोक एखाद्या खडकावरची मासेमारी काही काळ बंद ठेवत. त्या बंदीला तिथं ‘बूल’ म्हणत.

पण डोहाला काठ असतो. समुद्राला कुठला काठ? पावसाळी बंदीचा विषय निघाला तेव्हा आमच्या बैठकीत मासळी विकणाऱ्या एका काकींनी सरळच विचारलं, “खडक आपण राखायचा, त्याची पिल्लं वाहत जाऊन दुसऱ्याच्या जाळ्यात पडायची, मग आपण कशाला पोट मारायचं?” त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. शोधायला लागलो तेव्हा कळलं, की काकींचा प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षं सुटला नव्हता. तो कसा सुटत गेला, ते आज सांगतो.

आधी प्रवाळाच्या खडकावरच्या माशांचा संसार समजून घेऊ. हे मासे मोठे झाले की फार फिरत नाहीत. बरेचसे एका खडकाच्या आसपासच आयुष्य काढतात. फिरतात ती पिल्लं. काही जातींची मादी अंडी पाण्यात सोडून देते. काहींची अंडी दगडाला चिकटतात आणि बाप त्यांची राखण करतो. (हो, बाप! बैठकीत हे सांगितलं तेव्हा बराच वेळ हसणं चाललं होतं.) अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम काही मिलिमीटरचं, काचेसारखं आरपार दिसणारं. ते खडक सोडून उघड्या समुद्रात जातं. कुणी दहा-बारा दिवस, कुणी महिना-दीड महिना तिथंच वाढतं. मग एखाद्या खडकावर उतरतं आणि तिथलंच होतं. मधल्या दिवसांत ते कुठं असतं, हे कुणाला दिसत नव्हतं. म्हणून सगळे धरून चालले होते, की पाणी नेईल तिकडं ते जातं, वाऱ्यावरच्या सावरीच्या कापसासारखं.

आता फिलिपिन्स देशात जाऊ. तिथं सुमिलोन नावाचं एक चिमुकलं बेट आहे. १९७४ साली सिलिमान विद्यापीठाच्या अँजेल अल्काला यांनी तिथल्या प्रवाळखडकाचा साधारण चौथा भाग मासेमारीला बंद करवला. दहा वर्षं राखण झाली. १९८४ साली स्थानिक राजकारण बदललं आणि राखण मोडली. सगळा खडक खुला झाला. जागा वाढली म्हणजे मासळी वाढायला हवी, असं कुणालाही वाटेल. झालं उलट. दोनच वर्षांत बेटावरची एकूण पकड जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे बंद चौथाईतून बाहेरच्या तीन भागांना मासळी मिळत होती. मुद्दल मोडलं आणि व्याज थांबलं, हे आपल्याला वेगळं समजावायला नको.

जवळच आपो नावाचं दुसरं बेट. तिथले कोळी सुरुंग लावून, विष टाकून, दगड बांधलेले दोर आपटत मासे जाळ्यात हाकलून पार हैराण झाले होते. खडक मोडलेला, मासा आटलेला. अल्कालांची माणसं तिथं वारंवार गेली, बेटावरच्या लोकांना सुमिलोन दाखवून आणलं. १९८२ साली लोकांनी किनाऱ्यालगतचा साधारण ४५० मीटरचा पट्टा, म्हणजे खडकाचा दहावा हिस्सा, बंद ठेवायचं कबूल केलं. राखण गावकऱ्यांनीच केली. पुढं पाहायला येणाऱ्या पाहुण्यांकडून ते फीही घेऊ लागले. बंद पट्ट्यातले मोठे शिकारी मासे अठरा वर्षं मोजले, तरी त्यांचं वजन वाढतंच होतं. हे लक्षात ठेवा, कारण दोन वर्षांत काही दिसलं नाही म्हणून हात झटकणारे खूप असतात.

इथं आमचं एक मत सांगून टाकतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. तिथं १९८७ साली २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आपोला हद्द लोकांसोबत बसून आखली गेली. दोन्हीकडचं प्रवाळ पाण्याखालचंच, पण बैठक कुठं झाली यानं फार फरक पडतो असं आम्हाला वाटतं.

मोठा मासा राखण्याचा आणखी एक फायदा आहे, तो आपल्यासारख्या बायांना लवकर पटेल. तांबोशीच्या जातीतल्या एका अमेरिकी माशाचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडलाय. ६१ सेंटीमीटरची एक मादी जेवढी अंडी देते, तेवढी द्यायला ४२ सेंटीमीटरच्या २१२ माद्या लागतात. लांबी दीडपटसुद्धा नाही आणि अंडी पाहा. बाजारात मोठ्या मासळीला भाव जास्त म्हणून तीच आधी जाते. बंद पट्ट्यात अशा म्हाताऱ्या माद्या टिकतात.

ठीक. अंडी झाली, पिल्लं झाली, पण गेली कुठं? काकींचा प्रश्न तिथंच उभा.

१९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर जेफ्री जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी एक युक्ती केली. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यात वाढीची वर्तुळं असतात. टेट्रासायक्लिन हे औषध आपल्याकडं गुरांनाही देतात. अंडी त्या औषधाच्या पाण्यात भिजली की आतल्या जिवाच्या कानखड्यावर खूण उमटते, ती सूक्ष्मदर्शकाखाली खास उजेडात चमकते. त्यांनी एका लहान माशाच्या एक कोटीहून जास्त अंड्यांवर अशी खूण केली आणि सोडून दिली. नंतर त्याच बेटावर उतरलेली ५,००० पिल्लं पकडून एकेकाचा खडा तपासला. खुणेची निघाली १५.

१५ म्हणजे काहीच नाही, असं आम्हालाही आधी वाटलं. पण खूण बेटावरच्या सगळ्या अंड्यांवर नव्हती, थोड्याच अंड्यांवर होती. तो हिशोब धरला तर बेटावर उतरणाऱ्या शंभर पिल्लांतली १५ ते ६० तिथलीच होती. जी वाहून गेली असं सगळे म्हणत होते, ती घरी परतली होती.

पुढची युक्ती आणखी साधी. पापुआ न्यू गिनीत किंबे नावाचं छोटंसं राखीव बेट आहे. तिथं ग्लेन अल्मनी आणि सोबत्यांनी अंड्यांऐवजी आयांनाच सुई टोचली. बेरियम या धातूचा एक निरुपद्रवी प्रकार आईच्या अंगात गेला, आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लाच्या कानखड्यात. आईची खूण लेकराच्या अंगावर! २००७ साली निकाल छापून आला. नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा अकराएक दिवस उघड्या समुद्रात राहतो, फुलपाखरू मासा महिन्याहून जास्त राहतो. तरी दोघांचीही साधारण ६० टक्के पिल्लं आपल्याच बेटावर परत आली होती.

एवढासा जीव परततो कसा? कारण तो कापूस नाही. वाढत्या वयात त्याला चांगलं पोहता येतं, आणि ऐकूही येतं. प्रवाळखडक कधी गप्प नसतो, कोळंब्यांची कटकट आणि माशांचे आवाज चालूच असतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी छोट्या खडकांवर ध्वनिक्षेपक लावून तो आवाज वाजवला, तर मुक्या खडकांपेक्षा बोलक्या खडकांवर जास्त पिल्लं उतरली. खडक मेला की त्याची हाकही बारीक होत जाते.

म्हणजे सगळी पिल्लं घरीच येतात का? नाही. ऑस्ट्रेलियानं २००४ साली आपल्या मोठ्या प्रवाळभिंतीच्या उद्यानात बंद क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं ते ३३ टक्क्यांवर नेलं. तिथल्या केपेल बेटांपाशी पिल्लांचे आईबाप जनुकांवरून शोधले, आपल्याकडं कोर्टात नातं ठरवतात तशाच चाचणीनं. राखीव भाग होता २८ टक्के, पण तीस किलोमीटरच्या टापूत उतरणारी साधारण निम्मी पिल्लं त्या भागातल्या आईबापांची होती. काही बंद भागात राहिली, काही खुल्या खडकांवर गेली आणि कोळ्यांच्या वाट्याला आली.

आपोच्या लोकांनाही पुढं एक धडा मिळाला, फार कठोर. २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरात लागोपाठ दोन वादळं आली आणि तीस वर्षं राखलेल्या पट्ट्यातलं प्रवाळ उद्ध्वस्त झालं. राखणारे तेच, नियम तेच, पण सगळं एकाच टोपलीत होतं. म्हणून आता जाणकार म्हणतात, की एकच मोठा पट्टा ठेवून थांबू नका. लहान-मध्यम असे अनेक पट्टे ठेवा, एकमेकांपासून १५ किलोमीटरच्या आत. एक मोडला तर दुसऱ्याची पिल्लं तिथं पोचतील. पट्टा किती मोठा हवा, तेही मासा रोज किती फिरतो त्यावर ठरतं.

काकींच्या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर आम्हाला पापुआ न्यू गिनीतल्याच मानुस बेटावर सापडलं. तिथं खडक गावागावांत वाटलेले असतात, आपल्या शेताच्या बांधासारखे. एका गावाच्या हद्दीत आपल्या गोबऱ्यासारखे मासे अंडी द्यायला गोळा होतात आणि ते गाव ती जागा राखतं. २०१३ साली त्याचा हिशोब छापून आला. त्या गावाच्या हद्दीतल्या शंभर पिल्लांपैकी १७ ते २५ त्या जागेतली होती. शेजारच्या चार गावांच्या हद्दीत शंभरात ६ ते १७. आणि निम्मी पिल्लं १४ किलोमीटरच्या आतच उतरत असावीत, असा अंदाज निघाला.

हे प्रवाळावरच्या माशांचं झालं, हेही सांगायला हवं. बांगडा, तारली थव्यानं लांब फिरतात, त्यांचं गणित वेगळं.

आम्ही हे आकडे बैठकीत वाचून दाखवले. काकी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आपल्याला मिळतं, पण शेजाऱ्यालाही मिळतं. मग राखणीला त्यांनीही यायला हवं की.” पुढच्या महिन्याच्या बैठकीला खाडीपलीकडच्या गटाच्या बायांना बोलावलं आहे.