ठिणगीतून निघालेली लाट

आपलं केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर लागतं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. त्यातलं ‘हर्ट्झ’ हे एका माणसाचं आडनाव. हाइनरिश हर्ट्झ, जर्मनीतल्या कार्ल्सरूहचा प्राध्यापक.

विजेच्या आणि चुंबकाच्या लाटा असणार, आणि त्या उजेडाच्या वेगाने धावणार, हे मॅक्सवेल नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने आधीच गणित मांडून सांगितलं होतं. पण लाट काढून दाखवायची कशी? १८७९ मध्ये मॅक्सवेल वारला, तोवर ते कुणाला जमलं नव्हतं.

हर्ट्झने १८८६ ते १८८८ या काळात ते केलं. दोन तारा एका रेषेत ठेवल्या, मधे बारीक फट सोडली आणि विजेचा मोठा दाब दिला. फटीत ठिणगी उडाली. ठिणगी उडते तेव्हा तारेतली वीज पुढे-मागे हेलकावते, सेकंदाला कोट्यवधी वेळा. खरी गोम इथेच आहे बरं का. हौदाच्या पाण्यात हात नुसता बुडवून ठेवला तर लाट उठत नाही, हलवला की उठते. विजेचंही तसंच. बॅटरीतून एकसारखी वाहणारी वीज लाट सोडत नाही. हेलकावे खाणारी वीज सोडते. आपल्या केंद्राच्या अँटेनात ती सेकंदाला ९ कोटी ४ लाख वेळा हेलकावते.

लाट पोचली हे कळणार कसं? हर्ट्झने लांब एक तारेचं वळं धरलं, त्यालाही केसाएवढी फट. दोन्हींना जोडणारी तार नाही, तरी वळ्याच्या फटीत ठिणगी चमकली! इतकी बारकी, की अंधार करूनच दिसायची.

१८९४ च्या १ जानेवारीला हर्ट्झ गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन मुली. थोरली योहाना सहा वर्षांची, धाकटी माथिल्डे तीनचीही नव्हती. माथिल्डे पुढे शास्त्रज्ञ झाली. मधमाश्यांना आकार कसे ओळखता येतात, हे तिने अभ्यासलं. पण १९३३ मध्ये हिटलर आला. हर्ट्झच्या वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, म्हणून तिचा विद्यापीठात शिकवण्याचा हक्क काढून घेतला. या मायलेकींना देश सोडून इंग्लंड गाठावं लागलं. ज्याचं नाव जगभरच्या रेडिओवर, त्याच्याच घरच्यांना गावात थारा नाही!

हर्ट्झच्या डायऱ्या आणि पत्रं योहानाने १९२७ मध्येच छापून काढली होती. त्याच्या रोजच्या दिवसांची हकीकत आज त्याच्याच शब्दांत वाचता येते, ती या लेकीमुळे.