नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन

ब्रिटनच्या किनाऱ्यावर टेहळणी करणारी स्वयंसेवकांची धर्मादाय संस्था. स्थापना १९९४. तटरक्षक दलाच्या अनेक छोट्या चौक्या बंद झाल्यानंतर कॉर्नवॉलमधील बास पॉइंट येथे, नुकत्याच बंद पडलेल्या चौकीच्या दृष्टिपथात दोन मच्छीमार बुडाले. स्थानिकांनी तीच चौकी पुन्हा उघडली. आता ५०हून अधिक चौक्या आहेत. प्रशिक्षित स्वयंसेवक दिवसाउजेडी दुर्बीण, रडार व रेडिओच्या साहाय्याने नौका, पोहणारे आणि कड्यांवरून चालणारे यांच्यावर नजर ठेवतात, नोंदी करतात, संकट दिसताच तटरक्षक दलाला कळवतात. बचावाची सूत्रे त्या दलाकडेच असतात. रेडिओ नसलेली वल्ह्याची होडी किंवा भरतीत अडकलेले मूल यंत्रांच्या नजरेतून सहज निसटते. म्हणून या माणसांची जागा कोणतेही उपकरण घेऊ शकत नाही. संस्थेचा खर्च मुख्यतः देणग्यांतून भागतो.