कॅमेरा आला तेव्हा विजापूर कुणाचं होतं?

मंडळी, १८३९ साल आपल्या साताऱ्यात वेगळ्याच कारणासाठी लक्षात आहे. त्या सप्टेंबरात इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि पुढे काशीला नेलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची रीत जगापुढे खुली झाली होती. नोव्हेंबरात तर फ्रेंच चित्रकार ओरास व्हेर्ने कॅमेरा घेऊन इजिप्तला पोहोचलासुद्धा. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तो विजापुरात लागतो.

सांगलीहून जतमार्गे गोल घुमट बघायला जाताना आपल्याला विजापूर परमुलूख वाटतं. पण १८१८ नंतर ते सातारच्या राज्यात होतं. १८४८ मध्ये शहाजी महाराज वारले, डलहौसीनं दत्तक नाकारला, आणि राज्य गेलं तसं विजापूरही गेलं. पुढे सातच वर्षांनी, १८५५ मध्ये, मुंबई सरकारनं कॅप्टन थॉमस बिग्ज याला तिथे फोटो काढायला पाठवलं. मग ऐहोळे, बदामी, पट्टदकलची देवळं.

आता इजिप्तकडे बघू. १८४९ मध्ये माक्सिम द्यू काँ फ्रेंच सरकारच्या कामगिरीवर तिथे गेला. त्याचीही रीत बिग्जसारखीच: काच नाही, कागदाची निगेटिव्ह. देवळाचा आकार कळावा म्हणून तो हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला समोर उभा करी. हलू नये म्हणून त्याला सांगे, ही पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर उडेल! बिचारा श्वास रोखून उभा. द्यू काँनं ही गंमत म्हणून लिहून ठेवली. आम्हाला मात्र तिच्यावर फारसं हसू येत नाही, कारण विजापुरात कॅमेऱ्यामागे उभा असलेला बिग्ज खरोखरच तोफखान्यातला होता. वर्षअखेरीस त्याला पलटणीत परत बोलावलं, आणि डॉक्टर पिगू यानं काम पुढे नेलं.

हे फोटो १८६६ मध्ये लंडनला ग्रंथरूपानं निघाले. मजकूर मेडोज टेलर आणि फर्ग्युसन यांचा. त्यांना नावं ठेवायला आम्ही उभे नाही. पडझड होण्याआधी काय होतं, हे आज अशाच चित्रांवरून ताडता येतं. पण सरकारनं पद्धतशीर काढून घेतलेली ही पहिली चित्रं राज्य खालसा झाल्यावरची आहेत. त्याआधीची तीस वर्षं, सातारच्या अंमलातली, तिथे कोण दिवा लावत होतं, कोण झाडलोट करत होतं, ते त्यांत नाही. ते शोधायचं तर मोडीच वाचावी लागेल.