ड्रॅगनचे उत्तरायुष्य

सन १७३५ च्या वसंत ऋतूत कार्ल लिनिअस हा तरुण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ हॉलंडच्या वाटेवर असताना हॅम्बर्ग शहरी थांबला. त्या शहरात सात मस्तकांचा एक महासर्प मोठ्या अभिमानाने दाखविला जात असे. त्याचा लौकिक युरोपभर पसरला होता, आणि मालकाला त्याची भारी किंमत येण्याची आशा होती. लिनिअसने तो प्राणी जवळून न्याहाळला. जबडे आणि पंजे मुंगुसासारख्या लहान शिकारी जनावरांचे निघाले. त्यांवर सापाची कातडी कौशल्याने चिकटविलेली होती. ही गोष्ट त्याने उघड बोलून दाखविली. सर्पाची किंमत तत्क्षणी कोसळली, आणि मालकाच्या रोषाला भिऊन या तरुणाला शहरातून लवकरच पाय काढावा लागला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सिस्टेमा नातुरी’ या ग्रंथात त्याने साऱ्या प्राणिसृष्टीची वर्गवारी केली, तेव्हा ड्रॅगनला जागा मिळाली ती चमत्कारिक व संशयास्पद प्राण्यांच्या एका वेगळ्या रकान्यात. पुढील आवृत्त्यांतून तो रकानाही गळून गेला.

शास्त्राच्या दप्तरातून असे नाव कमी झालेल्या प्राण्याचा इतिहास वस्तुतः तेथेच संपावयास हवा. प्रत्यक्षात घडले ते उलटे. ज्याच्या अस्तित्वावर कोणाचाच विश्वास उरला नाही, तो पंखांचा, अग्नी ओकणारा महासर्प पुढील अडीचशे वर्षांत रंगभूमीवर आला, कादंबरीत बोलू लागला, मुलांच्या गाण्यात शिरला आणि अखेर चार मित्रांच्या मेजावर खेळ म्हणून येऊन बसला. आणि त्याचे भय संपले म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. भय गेले ते ड्रॅगनवरून उठून त्याच्या गाण्यावर आणि खेळावर जाऊन बसले.

युरोपातील ड्रॅगनचे मूळचे काम राखणदाराचे. जुन्या इंग्रजीतील ‘बेओवुल्फ’ काव्यातला ड्रॅगन पुरलेल्या धनावर वेटोळे घालून असतो. उत्तरेकडील कथांतला फाफ्नीर सोन्याच्या लोभानेच सर्परूप पावतो. गुप्तधनावर नाग बसलेला असतो, ही समजूत ज्यांच्या गावच्या जुन्या वाड्यांतून आजही ऐकू येते, त्या मराठी श्रोत्यांना ही कल्पना परकी वाटू नये. चीनचा ड्रॅगन मात्र निराळा: तो पावसाचा आणि राजसत्तेचा सखा, त्याला मारण्यात कोणताच पुरुषार्थ नाही.

रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराने याच फाफ्नीरला रंगमंचावर आणले. ‘सीगफ्रीड’ हे त्याचे संगीतनाटक १८७६ च्या ऑगस्टमध्ये बायरॉइट येथे प्रथम झाले. त्यातला राक्षसदेही फाफ्नेर जादूच्या शिरस्त्राणाच्या बळावर ड्रॅगन झालेला आहे आणि गुहेत सोन्यावर निजलेला आहे. त्याचे यंत्रचलित धूड लंडनहून करवून आणले होते. परंतु त्याचा मानेचा भाग वेळेवर येऊन पोहोचला नाही आणि डोके सरळ धडालाच जोडण्याची पाळी आली. असा बिनमानेचा ड्रॅगन पाहून प्रेक्षकांना भीतीपेक्षा हसूच अधिक आले असावे. वाग्नरच्या मदतीला आला तो त्याचा वाद्यवृंद. ट्यूबा या धीरगंभीर पितळी वाद्यांच्या खर्जातून फाफ्नेरची निद्रा, तिचे जड श्वास आणि तिच्याखाली दडलेला धोका असा काही उभा राहतो, की डोळे मिटून घेतलेल्या श्रोत्याला कागदी लगद्याची आठवणही होऊ नये. नुसत्या कानाने ऐकणाऱ्याला ड्रॅगन अधिक मोठा दिसतो, ही गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना वेगळी सांगावयास नको.

शब्दांनी हेच काम केले ते जे. आर. आर. टोल्किन या ऑक्सफर्डच्या भाषापंडिताने. सातव्या वर्षी त्याने ड्रॅगनवर एक गोष्ट लिहिली. त्यातले पुढे त्याला एवढेच आठवत होते, की आईने त्याची एक चूक दाखविली: ‘हिरवा मोठा ड्रॅगन’ असे म्हणता येत नाही, ‘मोठा हिरवा ड्रॅगन’ असेच म्हणावे लागते. असे का, हा प्रश्न प्राध्यापक झाल्यावरही आपल्याला सुटला नाही, असे त्याने उतारवयात नमूद केले आहे. १९३६ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने ‘बेओवुल्फ’च्या अभ्यासकांना चांगलेच फैलावर घेतले. ही मंडळी त्या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून पाहत आणि त्यातल्या राक्षसांची व ड्रॅगनची त्यांना लाज वाटे. टोल्किनचे म्हणणे असे, की हे अद्भुत प्राणी हाच त्या काव्याचा गाभा आहे. ते काढले तर काव्यच उरत नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याचे ‘द हॉबिट’ हे पुस्तक निघाले. त्यातील स्मॉग हा ड्रॅगन बलाढ्य तर आहेच. पण त्याचे खरे विष त्याच्या बोलण्यात आहे. गोड, उपरोधिक, मनात किंतु पेरणारे असे ते बोलणे आहे.

यानंतरचा टप्पा गाण्याचा. १९५९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या लेनर्ड लिप्टन या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका ड्रॅगनवर कविता लिहिली. विनोदी कवी ऑग्डन नॅश याच्या एका भित्र्या ड्रॅगनच्या कवितेवरून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याच विद्यापीठातल्या पीटर यारोने तीत भर घालून तिला चाल लावली, आणि १९६३ मध्ये ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या गायकत्रयीने गायिलेले ‘पफ, द मॅजिक ड्रॅगन’ अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. गाण्याची कथा चार वाक्यांची आहे. समुद्रकाठी एक जादूचा ड्रॅगन राहतो. एक लहान मुलगा त्याचा सोबती होतो. मुलगा मोठा होतो आणि एके दिवशी यावयाचा थांबतो. ड्रॅगन खिन्न होऊन आपल्या गुहेत परततो. ज्या ड्रॅगनला मारण्यासाठी वीरांच्या पिढ्या खपल्या, तो येथे कोणत्याही तलवारीवाचून, केवळ मुलाच्या मोठे होण्याने घायाळ झाला. ड्रॅगनच्या सबंध इतिहासात याहून करुण प्रसंग सापडणे कठीण.

वर्षभरातच या गाण्याच्या पाठीमागे संशय लागला. ‘पफ’ म्हणजे धुराचा झुरका; मुलाचे आडनाव ‘पेपर’, म्हणजे चिलमीऐवजी वापरावयाचा कागद; तेव्हा हे गाणे गांजाचे गुणगान होय, असा अर्थ काढण्यात आला आणि १९६४ मध्ये तो ‘न्यूजवीक’ साप्ताहिकातून देशभर पसरला. लिप्टन आणि यारो यांनी हा आरोप आयुष्यभर नाकारला. त्रयीतील पॉल स्टूकीने तर एका कार्यक्रमात रंगमंचावर लुटुपुटीचा खटलाच उभा केला. प्रेक्षक हेच पंच. ते गाऊ लागले, तर गाणे निर्दोष. गुप्त अर्थाचे हे वेड असे असते, की ज्याने तो अर्थ काढला त्याला मूळ कर्त्याची साक्षही पुरावा वाटत नाही.

याच सुमारास त्या नावाला आणखी एक वाट फुटली. १९६४ च्या डिसेंबरपासून अमेरिकी हवाई दलाने व्हिएतनाममध्ये एक नवे शस्त्र वापरण्यास आरंभ केला. जुन्या डाकोटा विमानाच्या, म्हणजे १९४७ च्या ऑक्टोबरात भारतीय सैनिकांना श्रीनगरला उतरविणाऱ्या त्याच जातीच्या विमानाच्या, डाव्या बाजूस तीन शीघ्रगती बंदुका बसविल्या होत्या. प्रत्येकीची कमाल गती मिनिटाला ६,००० गोळ्यांची. विमान रात्री लक्ष्याभोवती घिरट्या घाली, आणि प्रकाशमान गोळ्यांची एक सलग लाल धार गर्जना करीत आकाशातून जमिनीपर्यंत येई. ती धार पाहून सैनिकांनी या विमानाला नाव दिले: ‘पफ, द मॅजिक ड्रॅगन’. ज्या गाण्यात धूर नव्हता, त्यात तो शोधून काढण्यात आला. आणि ज्या यंत्राच्या तोंडून खरीखुरी आग बाहेर पडत होती, त्याला त्याच बालगीताचे नाव मिळाले.

खेळाची हकीकत याहून विस्तृत आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात नकाशावर ठोकळे मांडून युद्धाचा सराव करण्याची पद्धत पडली. त्यात एक पंच असे आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लागे. या पद्धतीचे हौशी रूप अमेरिकेत शिशाच्या शिपायांनिशी खेळले जाई. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावचा गॅरी गायगॅक्स हा अशांपैकीच एक. विमा कंपनीतील नोकरी गेल्यावर तो जोडे दुरुस्त करून संसार चालवीत असे. मिनेसोटातील डेव्ह अर्नेसन या तरुणाने १९७१ च्या सुमारास शिपायांच्या पलटणी बाजूस सारून प्रत्येक खेळाडूला एकच पात्र दिले आणि सर्वांना एका किल्ल्याखालच्या तळघरांत उतरविले. दोघांच्या सहकार्यातून १९७४ च्या आरंभी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. तीन लहान पुस्तिका, एक पेटी, १० डॉलर किंमत आणि १,००० प्रती, एवढाच पहिला पसारा होता.

या खेळाला पट नाही, सोंगट्यांची सक्ती नाही आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. एक जण निवेदक होतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी धर्मोपदेशक, कोणी मांत्रिक होतात. कथेकरीबुवा कथा सांगत असता श्रोत्यांतून कोणी म्हणावे, “मारुती आता उडी न मारता गुपचूप मागच्या दाराने आत शिरतो,” आणि बुवांनी क्षणभर थांबून, फासा टाकून कथेला तिकडे वळण द्यावे, असा हा प्रकार. मांत्रिकाचे मंत्र मोजके असतात आणि उच्चारला की मंत्र स्मृतीतून पुसला जातो. ही युक्ती जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून घेतलेली. ड्रॅगनांचे तर रीतसर कोष्टकच केलेले आहे: रंगावरून त्यांच्या जाती, प्रत्येकाची फुंकर निराळी, आणि तो निजलेला सापडण्याची, बोलू शकण्याची शक्यता शेकड्याच्या हिशेबात दिलेली. लिनिअसने ज्याला वर्गवारीतून बाहेर काढले, त्याची नवी वर्गवारी या माजी विमा-कारकुनाने केली. आणि विमेवाल्याच्या सवयीप्रमाणे ती संभाव्यतेच्या आकड्यांत केली.

जगभरची पुराणे या खेळाने मोकळ्या हाताने लुटली. बाबिलोनची आदिमाता तियामत तेथे पाच मस्तकांची ड्रॅगन-राणी झाली. आपला राक्षसही सुटला नाही. १९७४ मधील एका अमेरिकी दूरचित्रमालिकेच्या द्वारा तो या खेळात आला. १९७७ च्या प्राणिकोशात त्याला वाघाचे डोके आहे, अंगात घरगुती उंची डगला आहे, हाती तंबाखूची नळी आहे, आणि मंतरलेल्या बाणाने त्याला मरण येते. घटोत्कचाला आपले हे आप्त ओळखू आले नसते. परंतु उसने घेतलेल्या प्राण्यांची अशी रूपे नेहमीच होत आली आहेत. त्याबद्दल रागावण्यापेक्षा त्या चित्राकडे पाहून हसणे अधिक न्याय्य.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधील एक अल्पवयीन विद्यापीठ-विद्यार्थी नाहीसा झाला. त्याच्या शोधार्थ नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने असा तर्क मांडला, की विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळत असता हरवला असावा. वृत्तपत्रांनी तर्काची बातमी केली. मुलगा महिन्याभराने सापडला. त्याच्या दुःखाची कारणे वेगळीच होती आणि पुढे त्या गुप्तहेराने स्वतःच्या पुस्तकातही तसेच लिहिले. तोवर लोकांच्या मनात बोगदा आणि खेळ यांची गाठ पक्की बसली होती. १९८२ मध्ये त्यावर बेतलेला ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ हा दूरचित्रपट निघाला. १९८३ मध्ये मुलाच्या आत्महत्येने उद्ध्वस्त झालेल्या एका आईने या खेळाविरुद्ध संघटना उभारली. खेळातले मंत्र हे खरे चेटूक आहे, मुले सैतानाच्या नादी लागतात, असा प्रचार झाला. त्याच दशकात कर्कश वाद्यांच्या रॉक संगीतावरही हाच आरोप होत होता. पुढील तपासण्यांत खेळ आणि आत्महत्या यांचा कार्यकारणसंबंध आढळला नाही. त्या आईचे दुःख मात्र खोटे नव्हते. पोटच्या मुलाच्या मनात काय चालले होते हे कळले नाही, म्हणजे माणूस त्याच्या टेबलावर उरलेली पुस्तके उघडतो. आणि त्या पुस्तकांत सैतानांची चित्रे होतीच.

प्रकाशकांनी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सैतान आणि पिशाच ही नावे काढून टाकली आणि त्याच प्राण्यांना घडीव, कोणालाच अर्थ न लागणारी नावे दिली. शतकाच्या अखेरीस तो वाद निवल्यावर जुनी नावे परत आली. गायगॅक्स २००८ मध्ये आणि अर्नेसन २००९ मध्ये निवर्तले. लिप्टनने गाण्याच्या मानधनावर त्रिमिती चित्रपटांच्या तंत्रात संशोधन केले आणि त्यात नाव मिळविले. तो २०२२ मध्ये आणि यारो २०२५ च्या जानेवारीत वारला. त्याच्या आदल्या वर्षी, खेळाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यातील प्राण्यांच्या आणि पात्रांच्या चित्रांची दहा तिकिटे काढली.