‘माम्बो?’ : दर सोमवारी विचारला जाणारा एक प्रश्न #थ्रेड

नैरोबी, २००७. पुमवानी या गरीब वस्तीतील दवाखान्यातून दर सोमवारी सकाळी काही मोबाइलवर एकच शब्द जात असे : ‘माम्बो?’ स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ साधारण आपल्या ‘काय म्हणता?’ एवढाच. उत्तरही एका शब्दाचे. ‘सावा’ म्हणजे ठीक, ‘शिदा’ म्हणजे अडचण. (मराठी कानाला इथे शिधा आठवेल, संबंध काही नाही.)

हे रुग्ण एचआयव्हीबाधित होते. संदेशात मात्र ना रोगाचे नाव, ना गोळीचा उल्लेख. फोन स्वतःचा नसून सामाईक असला तरी चालत असे. अशा वेळी संदेश दुसऱ्या कोणी वाचला, तरी गुपित फुटण्याची भीती नव्हती.

या प्रश्नामागे दहा वर्षांचा इतिहास आहे. १९९६च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार आला आणि एड्स हा मृत्युदंड न राहता दीर्घकालीन आजार ठरू लागला; पण श्रीमंत देशांपुरता. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने हाच उपचार एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पुढे स्वस्त औषधे आफ्रिकेत पोहोचली आणि नवा पेच उभा राहिला. गोळ्या रोज, तेही आयुष्यभर घ्यायच्या. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. रुग्ण हजारो, परिचारिका मोजक्या. घरोघरी जाऊन विचारणार कोण?

कॅनडाचे डॉक्टर रिचर्ड लेस्टर आणि त्यांच्या केनियन सहकाऱ्यांनी ते काम साध्या एसएमएसवर सोपवले. केनियात मोबाइल झपाट्याने पसरत होता. फोनवरून पैसे पाठवणारी एम-पेसा सेवा त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाली होती. नैरोबीतील दोन आणि ग्रामीण काजिआडो येथील एक अशा तीन केंद्रांतील ५३८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला ‘माम्बो?’, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. ‘शिदा’ आले, किंवा ४८ तासांत काहीच आले नाही, की दवाखान्यातून फोन जाई. खरी गोम इथे होती.

निष्कर्ष २०१०मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. औषधे नियमित घेतल्याचे सांगणारे संदेशगटात ६२ टक्के, दुसऱ्या गटात ५०. माणूस सांगताना चुकू शकतो, म्हणून रक्तही तपासले होते : विषाणू दबलेले रुग्ण ५७ टक्के विरुद्ध ४८. डोळे दिपवणारा फरक नव्हे. पण एका शब्दाच्या मानाने थोडाही नव्हे.

पश्चिम केनियातील चुलाइम्बो येथे दुसरा प्रयोग झाला. तिथे आठवड्यातून एकदा आठवण केलेल्यांना लाभ झाला. रोज आठवण केलेल्यांना तो दिसला नाही. रोजच्या टुणटुणीकडे लक्ष जात नसावे. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवरील प्रयोगात एका गटाला दर आठवड्याला यंत्राचा ध्वनिमुद्रित फोन आणि चित्रसंदेश जात असे. त्याने फरक पडला नाही, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. दोन देशांतील उपचारव्यवस्था वेगळ्या असल्याने घाईने तुलना करू नये. तरीही नैरोबीच्या रुग्णांनी सांगितलेली गोष्ट नोंदवावीशी आहे : कोणीतरी आपली काळजी करते, असे त्यांना वाटत असे.

पुढे हीच पद्धत व्हँकुव्हरमधील एचआयव्ही रुग्णांसाठीही वापरली गेली. औषधे श्रीमंत देशांतून आफ्रिकेत यायला वर्षे लागली होती; ‘माम्बो?’ने उलट दिशेने प्रवास केला.