सरनोबत, राही

सरनोबत, राही जीवन : (३० ऑक्टोबर १९९०– ). भारतीय पिस्तूल नेमबाज. जन्म कोल्हापूर येथे. २५ मीटर पिस्तूल हा त्यांचा प्रकार. आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला (२०१८). त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार. महाराष्ट्र शासनाच्या महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती.

कुस्तीच्या आखाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरने गेल्या दोन दशकांत नेमबाजही घडवले, आणि त्याची सुरुवात एका उदाहरणाने झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत रायफलमध्ये दोन सुवर्णपदके जिंकली. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या राही यांना नेमबाजीची ओढ लागली ती त्या यशामुळे. त्यांनी मात्र रायफल न घेता पिस्तूल हाती घेतले आणि २००८ मध्ये पुण्याच्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. दोन वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद यांच्यासह दुहेरीत सुवर्ण आले. वैयक्तिक स्पर्धेत अनिसा पहिल्या, राही दुसऱ्या.

या कारकिर्दीचे मोल पदकांच्या यादीवरून ठरवण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे, कारण यादीतली पदके एकाच कसोटीवर मिळालेली नाहीत. २५ मीटर पिस्तूल हा मुळातच दोन वेगळ्या कौशल्यांचा जोड आहे. पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस अचूकतेच्या : पाच गोळ्यांच्या प्रत्येक मालिकेला पाच मिनिटे मिळतात. पुढच्या तीस जलद टप्प्याच्या. त्यात हात खाली तिरका धरून उभे राहायचे, लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुले होताच पिस्तूल उचलून एकच गोळी झाडायची, हात पुन्हा खाली आणायचा आणि सात सेकंदांनी तेच पुन्हा करायचे. पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि चापाला किमान एक किलोचा दाब लागतो. पहिल्या टप्प्यात संयम उपयोगी पडतो, तर दुसऱ्यात विचाराला जागाच नसते. तिथे सरावाने अंगात मुरलेली लय काम करते.

अंतिम फेरीची रीत तर राही खेळत असतानाच बदलत गेली. २०१२ पर्यंत पात्रता फेरीचे गुण पुढे धरले जात आणि त्यांत अंतिम वीस गोळ्यांचे दशांश गुण मिळवले जात. २०१३ पासून पात्रतेची शिदोरी रद्द झाली आणि सर्वांना शून्यापासून सुरुवात करावी लागली. १०.२ किंवा त्याहून सरस गोळी म्हणजे वेध, बाकी सारे चुकलेले, असा हिशोब आला. सुवर्णासाठी दोघींत थेट सामना होऊ लागला : मालिका जिंकणारीला दोन गुण, बरोबरीत एकेक, आणि सात गुणांचा टप्पा आधी गाठणारी विजेती. पुढे तोही सामना गेला आणि मागे पडणारीला एकेक करून बाद करणारी पन्नास गोळ्यांची फेरी आली.

या तिन्ही पद्धतींत राही यांनी पदके मिळवली आहेत, आणि हीच त्यांच्या कारकिर्दीची खरी ओळख आहे. जुन्या पद्धतीत दिल्लीचे रौप्य आणि २०११ च्या फोर्ट बेनिंग विश्वचषकाचे कांस्य आले. त्या कांस्याने लंडन ऑलिंपिकची जागाही मिळाली. थेट सामन्याच्या पद्धतीत एप्रिल २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉन विश्वचषकात यजमान देशाच्या किम क्योंगे यांना ८–६ असे हरवून सुवर्ण जिंकले. या आकड्यांचा अर्थ असा की शेवटच्या मालिकेला उभे राहताना दोघी ६–६ अशा बरोबरीत होत्या. पुढल्या वर्षी ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, या वेळी अनिसा दुसऱ्या. इंचॉन आशियाई स्पर्धेत सांघिक कांस्य.

त्यानंतर कोपर दुखावले. प्रत्येक गोळीला हात नव्याने उचलावा लागणाऱ्या या प्रकारात कोपराची दुखापत मुळावरच घाव घालते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला त्या नव्हत्या. पुनरागमनात मुंखबायार दोर्जसुरेन या प्रशिक्षक लाभल्या. त्या मूळच्या मंगोलियाच्या, पुढे जर्मनीच्या. दोन देशांकडून दोनदा जगज्जेत्या आणि १९९२ व २००८ अशी सोळा वर्षांच्या अंतराने याच प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदके मिळवलेल्या. दीर्घ खंडानंतरही हा खेळ पुन्हा उभा करता येतो, हे ज्यांनी स्वतः दाखवले अशा व्यक्तीकडे जाणे ही योग्य निवड होती.

आशियाई स्पर्धेतली २२ ऑगस्ट २०१८ ची पालेमबांगची अंतिम फेरी याची साक्ष देते. पात्रतेत भारताच्याच मनू भाकर ५९३ गुणांसह पहिल्या होत्या, राही ५८० वर सातव्या. अंतिम फेरीत राही आणि थायलंडच्या नपस्वान यांगपैबून ३४ वेधांवर बरोबरीत राहिल्या. पाच गोळ्यांचा पहिला निर्णायक डाव ४–४ असा सुटला, दुसरा राही यांनी ३–२ ने जिंकला. मनू सहाव्या आल्या.

यावर आक्षेप घेता येतो. जुनी पद्धत असती तर तेरा गुणांची पिछाडी भरून निघालीच नसती, म्हणजे हे यश नियमाची देणगी आहे, असे कोणी म्हणेल. पहिले विधान खरे आहे. निष्कर्ष टिकत नाही. शून्यापासूनची सुरुवात अंतिम फेरीतल्या आठही जणींना सारखीच होती. शिवाय पात्रतेतल्या कमजोरीवर नियमाने पांघरूण घातले म्हणावे, तर जून २०२१ च्या ओसियेक विश्वचषकाचा खुलासा होत नाही : तिथे पात्रतेत ५९१ गुण आणि अंतिम फेरीत पन्नासपैकी ३९ वेध, सुवर्ण. २०१९ च्या म्युनिक विश्वचषकातही त्यांनी ३७ वेधांसह सुवर्ण आणि टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवली होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लंडनमध्ये त्या १९ व्या आल्या, टोकियोत ३२ व्या. दोन्ही ठिकाणी अंतिम फेरी लांबच राहिली. टोकियोत ५७३ गुण झाले, ओसियेकपेक्षा अठरा कमी, आणि मध्ये गेला होता जेमतेम एक महिना. हे अपयश मोठे आहे आणि ते सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण नाही. पण साठ गोळ्यांत अठरा गुण म्हणजे दर दहा गोळ्यांमागे तीन गुणांची घसरण. महिन्याभरात कोणाचे कौशल्य इतके आटत नाही. ओसियेकमध्ये दिसलेली लय टोकियोत दोन दिवस हाताला लागली नाही, एवढेच हे आकडे सांगतात. अंतिम फेरीतला त्यांचा कणखरपणा त्या वेळी कसोटीला लागलाच नाही, कारण तिथवर त्या पोहोचल्याच नाहीत.